म्हातारपणी आलेले दात

बाबा आमच्या बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा मी कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. आधी मेंढ्यांचा गलका ऐकू आला, मग त्यांच्या बायकोची हाक. धावत गेले तर बाबा बांधाला टेकून बसलेले, पटका सुटून मांडीवर आलेला, कपाळाला माती.

"काय झालं न्हाई," ते म्हणाले. "जरा बसलो व्हतो."

"बसलो व्हतो म्हनं!" त्यांची बायको कडाडली. "तोंडावर बसतंय का कोन?"

बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे लहानपणापासूनचे दोस्त. वडिलांना आम्ही घरात दादा म्हणतो. दादांची राजुरीला कालव्याच्या पाण्याखालची जमीन, द्राक्षं, कांदा. बाबांची मेंढरं, आणि आमच्या शिवेला लागून अर्धा एकर कोरडवाहू तुकडा. बाबांचे वडील दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसवायचे, खतासाठी. तेव्हापासून ही दोन पोरं एकत्र ओढ्यात डुंबायची, एकत्र बोरं पाडायची. दोघं एकाच सालातली. माझ्या आजीच्या हिशेबानं बाबा दीड महिन्यानं मोठे. तरी बाबा दादांना "तुमी" म्हणायचे आणि दादा बाबांना "अरे" म्हणायचे. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पूर्वी बाबा दिवाळी झाली की मढवरून माळशेज उतरून कळप कोकणात न्यायचे. गुडघे दुखायला लागले तसं ते थांबलं. मुलगा चाकणला कंपनीत लागला. आता नवराबायको दोघं पंचवीसेक मेंढ्या घेऊन आमच्याच आसपास असायची. पुण्यातली शाळेची नोकरी संपवून मी दादांकडे राहायला आले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत बाबा आमच्या ओट्यावर कितीतरी वेळा जेवले. नेहमी ताट घेऊन जरा पाठमोरे बसायचे. मला वाटायचं, बाईमाणसासमोर खायला लाजतात. शेंगदाणे दिले की धोतराच्या सोग्यात बांधायचे. मला वाटायचं, वाटेत खात असतील.

त्या दिवशी त्यांना आळेफाट्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "सकाळी काय खाता, बाबा?"

"चा."

"दुपारी?"

"चा आन् बटर, बुडवून."

"आणि रात्री?"

बाबांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "भाकर कुस्करून देती दुधात. न्हाईतर आंबील."

"तोंड उघडा."

बाबांच्या मिशा भरघोस. त्या मिशांखाली काय आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खाली दोन काळे खुंट आणि बाकी सगळ्या गुळगुळीत हिरड्या. अकरा वर्षं झाली म्हणे. तोंडातल्या तोंडात बोलायची त्यांची सवय मी स्वभाव समजत होते.

"रक्त फार कमी आहे," डॉक्टर मला म्हणाले. "गोळ्या देतो. पण यांना चावता येत नाही, म्हणून हे जेवत नाहीत. दात बसवा, निम्मा दवाखाना बंद होईल."

येताना मला दादांची कवळी आठवली. पाच वर्षांपूर्वी दादांचे दात गेले होते. पंधरा दिवसांत भावानं त्यांना पुण्याला नेलं. काचेच्या पेटीत मासे सोडलेला तो दवाखाना, थंडगार हवा. पहिली कवळी जरा टोचते म्हटल्यावर दुसरी करून दिली. पंधरा दिवस दादांनी मऊ भात खाल्ला, तेवढ्यात घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस झाला होता. शिवेपलीकडच्या माणसाची अकरा वर्षं मात्र कुणाला दिसली नाहीत. आणि बाबांचे शेंगदाणे त्यांची बायको कुटून चटणी करायची, हे मला त्या दिवशी कळलं.

दादांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोरीत बसून काहीतरी घासत होते. पाहिलं तर त्यांची ती जुनी, टोचणारी कवळी. मीठ लावून, मग साबण लावून लखलखीत केली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि काठी टेकत बाबांच्या पालाकडे निघाले. मी मागोमाग.

"हे घे," दादा म्हणाले. "पडूनच होती. पुण्याचा माल आहे."

बाबांनी फडकं सोडलं, बघितलं आणि पुन्हा बांधलं. "दादा, ही तुमची हाय."

"मग? घालून तर बघ."

दादा ऐकेनात. शेवटी बाबांनी पाठ फिरवून ती तोंडात कोंबली आणि आमच्याकडे वळले. दादांचा जबडा रुंद, बाबांचा चेहरा निमुळता. ओठ मिटेनात. मिशा वर उचलल्या गेल्या आणि खाली दादांचं ते शहरी हसू, आपोआप पसरलेलं. बाबांची बायको चुलीपाशीच मटकन बसली आणि पोट धरून हसायला लागली. "आगं बया! दादाच आलं की माज्या घरात!"

बाबांनी कवळी काढून दादांच्या हातात ठेवली. "ह्यात तुमची बोली हाय, दादा. माज्या तोंडात बसून माज्यावरच हुकूम सोडंल."

दादाही हसले. पण परतताना म्हणाले, "मी पैसे देतो म्हटलं तर घेणार नाही तो. मला माहीत आहे." आणि थोडं चालून, "मी तरी एवढी वर्षं काय बघत होतो?"

वाट दाखवली ती गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताईंनी. मंचरला दर गुरुवारी दातांच्या कॉलेजातली मुलं-मुली येतात, म्हाताऱ्यांना कवळ्या बसवून देतात, पैसे लागत नाहीत. फक्त फेऱ्या माराव्या लागतात. बाबांना ते पटलं. "शिकनाऱ्या पोरींना शिकायला तोंड पायजेल आसंल," ते म्हणाले. "आपलं रिकामंच हाय."

भावाची गाडी होती, पण बंद गाडीत बाबांना उलट्या होतात. म्हणून एसटी. आणि दादा म्हणाले, मीही येणार. मी म्हटलं, तुमचं काय काम? तर म्हणे, "मला अनुभव आहे."

पहिल्याच दिवशी कंडक्टर आला. दादांनी आधार कार्ड दाखवलं. पंच्याहत्तरीच्या पुढचे, म्हणजे प्रवास फुकट. मला बाई म्हणून अर्धं तिकीट. बाबांचं कार्ड कंडक्टरनं दोनदा उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "यांचं फुल्ल लागेल."

"अहो, हा माझ्याहून मोठा आहे!" दादा उभेच राहिले.

"कार्डावर बासष्ट आहे, आजोबा. मी काय करू?"

कार्ड काढताना समोरच्या पोरानं विचारलं होतं, जन्म कधीचा. बाबा म्हणाले होते, भर थंडीतला. त्यानं एक जानेवारी टाकली आणि सालही अंदाजानंच. सगळ्या गाडीत ज्याच्या अंगावर सगळ्यात कमी मांस होतं, त्याचं तिकीट पूर्ण. दादा इतके चिडले की आळेफाट्यापर्यंत कंडक्टरशी भांडत होते. बाबांनी मात्र शांतपणे कनवटीचे पैसे काढले, तिकीट घडी करून कानामागे खोवलं आणि दादांच्या पलीकडून खिडकीबाहेर बघायला लागले. नारायणगाव आलं तसं दादांच्या कानाशी वाकून म्हणाले, "उठा की दादा, खिडकीची जागा द्या. ल्हान मानसाला गाडी लागती."

वय दुरुस्त करायचा अर्ज मी नंतर भरला. शाळेचा दाखला मागतात. बाबा शाळेत गेले असते तर तो असता. अर्ज अजून तसाच आहे.

मंचरला पहिल्या फेरीत ते दोन खुंट काढायचे होते, पण रक्त कमी म्हणून परत पाठवलं. महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. नाचणीची आंबील, मऊ अंडी, खजूर दुधात शिजवून, मुगाची खिचडी. डबा रोज पालावर जायचा. तो रिकामा कधी परत आला नाही. कधी त्यात शेळीचं दूध, कधी घोळूची भाजी, एकदा तर मूठभर लोकर धुऊन पिंजून, दादांच्या उशीसाठी.

मग खुंट निघाले, हिरड्या भरल्या आणि कवळीचं काम सुरू झालं. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी बाबांच्या वाट्याला आली. पहिल्यांदा तिनं तोंडात गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं होतं. बाबा डोळे मिटून बसले. लगदा निघाल्यावर म्हणाले, "चव बरी हाय. जरा मीठ कमी हाय."

खरी गंमत झाली ती पुढच्या फेरीला. मेणाचे पट्टे तोंडात ठेवून ती मुलगी म्हणाली, "बाबा, आता नेहमीसारखं चावा."

"काय चावू?"

"काही नाही. नुसतं चावा. मागच्या दातांवर."

"मागं कुटं दात हाय?"

अकरा वर्षांत जबडा चावायचं विसरला होता. खालचा जबडा कधी पुढे यायचा, कधी डावीकडे पळायचा. मुलीनं दहा वेळा सांगितलं, गालावर बोटं ठेवून दाखवलं. ती रडकुंडीला आली. तेव्हा बाकावर बसलेले दादा उठले, खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे बघ. असं." आणि त्यांनी आपली कवळी कट्टकन वाजवली.

बाबांनी तोंड उघडलं. दादांनी तोंड उघडलं. दादांनी मिटलं. बाबांनी मिटलं. दोघं नाकाला नाक लावून उघडझाप करत होते. रांगेत घोडेगावकडून आलेली चार-पाच म्हातारी माणसं बसली होती. आधी एक आजी खुदकन हसल्या. मग त्यांच्या शेजारच्या आजोबांनीही तोंडाची उघडझाप करून बघितली. बघता बघता सगळा बाक तोंड वाजवायला लागला, ज्यांना दात नव्हते तेसुद्धा. शिकाऊ मुलगी हसू दाबत ओरडली, "हां, हां! तस्संच! बाबा, हलू नका!"

त्या गडबडीत दादांनी जबडा जरा वाकडा केला असावा, कारण बाबा मेणासकट ओरडले, "आरं नीट दाव की रं!"

"आरं" म्हणाले. दादांना. बाबा दचकले, मीही. दादांनी नुसती मान डोलावली आणि परत नीट करून दाखवलं. त्यानंतर त्या दोघांत "तुमी" पुन्हा आलं नाही. कुणी काही ठरवलं नव्हतं.

कवळी मिळाली त्या दिवशी मुलीनं बाबांच्या हातात आरसा दिला. बाबा बराच वेळ बघत राहिले. गाल भरून आले होते, ओठ जागेवर आले होते. मला वाटलं हसतील. त्यांनी आरसा खाली ठेवला, पटक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "माजा बाप दिसला."

डॉक्टर मुलीनं बजावलं होतं, दोन आठवडे मऊच खा, टोचलं तर परत या. टोचलंच. बाबांनी चार दिवस कवळी तंबाखूच्या डबीत ठेवली आणि मला खोटंच सांगत राहिले की घालतो. परत मंचर. घासून घेतली, परत टोचली, परत गेलो. मग एक दिवस मी बाजरीची कडक भाकरी आणि ठेचा घेऊन गेले. बाबा माझ्याकडे तोंड करून बसले. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि कुर्रर्र असा आवाज आला. ते थांबले. पुन्हा चावलं. पुन्हा आवाज.

"आवाज हाय भाकरीला," ते म्हणाले. "इसरलोच व्हतो."

मेंढ्यांना मात्र हे दात आवडले नाहीत. बाबांची हाक ठरलेली होती, जिभेनं हिरडीवर काढलेला एक ओला, लांब आवाज. दात आल्यावर त्या हाकेत शिट्टी शिरली. बाबा बांधावर उभं राहून हाक देत होते आणि पंचवीस मेंढ्या माना वर करून, हा कोण पाहुणा आला, असं बघत होत्या. एकही जागची हलली नाही. दिवस कलला होता, उसात बिबट्याची भीती, कळप वेळेत वाघरेच्या जाळीत घ्यायचा होता. बाबांनी शेवटी वैतागून कवळी काढली, खिशात घातली आणि जुनी हाक दिली. सगळा कळप धावत आला. तेव्हापासून त्यांचं ठरलंय, जेवायला आणि बोलायला दात, मेंढ्यांना हिरड्या.

दोनेक महिन्यांत बाबांच्या अंगावर मांस दिसायला लागलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि गोळ्या कमी केल्या. मी स्वतःवर फार खूश होते. आणि अशीच मी एका दुपारी पालावर जाऊन बसले असताना, बाबा कुरकुरीत भाकरी खात होते आणि त्यांची बायको पलीकडे चहाच्या बशीत भाकरीचा तुकडा बुडवून तो ओला व्हायची वाट बघत होती.

"तुम्ही अशी का खाता?" मी विचारलं.

तिनं ओठ वर करून दाखवले. वर दोन, खाली दोन. मिश्रीनं काळे झालेले चार दात.

"तुमी आल्यापास्नं ह्यांच्याच तोंडाकडं बघताय," ती म्हणाली. रागानं नाही, हसत. "बाईमानसाला कोन इचारतंय, दात किती ते?"

मी बाई असून मीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांकडे ती आमच्यासोबत होती, उत्तरं तीच देत होती. "तुम्ही काय खाता?" हा प्रश्न तिला त्या खोलीत कुणी केला नव्हता. बाबांचा घास हातातच राहिला. "मला ठाव नव्हतं," ते म्हणाले. पन्नास वर्षांवर संसार झालेला माणूस. "तू कवा बोलली न्हाईस."

"आवो, दुधात दोघांची भाकर कुस्करत व्हते. तुमाला काय वाटलं, तुमच्यासाठी येगळी?"

पुढच्या गुरुवारी मी निघायची तयारी केली, तर बाबा म्हणाले, "तुमी नगा. वाट म्हाईत हाय मला." मेंढ्या त्यांनी दादांच्या आणि माझ्या ताब्यात दिल्या आणि दोघं एसटीत बसून गेली. तिचं अर्धं, त्यांचं पूर्ण. दादांनी त्या दिवशी बिनदाताची हाक काढायचा प्रयत्न केला. स्वतःची कवळी काढून. मेंढ्यांनी ओळख दिली नाही, पण मी इतकी हसले की मला बांधावर बसावं लागलं.

मंचरला काय झालं ते मला त्या शिकाऊ मुलीनं नंतर फोनवर सांगितलं. बाबा तिथल्या बाकावर जुन्या जाणत्यासारखे बसले होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "घाबरायचं न्हाई. गुलाबी पीठ भरत्यात. गिळायचं नाय." बायको खुर्चीत बसल्यावर शेजारी उभं राहून, न विचारता, जबडा उघडून-मिटून दाखवत होते. ती म्हणाली म्हणे, "तुमी गप बसा, मला चावाया येतं."

दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा मुलीनं पट्टी पुढं धरली. म्हातारीनं पांढरेशुभ्र बाजूला सारले. "हे टीव्हीतल्या बाईचे. मला जरा पिवळं दे, नायतर लोक म्हन्तील म्हातारीनं कुनाचं तरी चोरलं." आणि मग हळूच विचारलं, "ह्याच्यावर मिश्री लावली तर चालंल का?" मुलीनं तंबाखू सोडायला सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली. सोडली नाही. पण आधी दिवसातनं चार वेळा होती, ती आता एकदा. सकाळी कवळी हातात घेऊन, बोटानं प्लॅस्टिकच्या दातांना मिश्री लावते. मी म्हटलं, "अहो, याला कशाला?" तर म्हणे, "सवय त्यास्नी बी लागाया पायजेल."

तिची कवळी आली त्या दिवशी ती दोघं थेट आमच्या ओट्यावर आली. माझ्या हातात पेरूची पाटी होती. तिनं न विचारता एक उचलला, कच्चा, हिरवागार, डॉक्टर मुलीनं नको सांगितलेला, आणि कचकन चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला. पदर वर घेतला नाही तिनं. उरलेला अर्धा पेरू बाबांच्या हातात दिला.

"खा. गोड हाय."

"कच्चा हाय," बाबा म्हणाले.

"मंग? चावा की."

आमच्या गावातल्या आणखी सहा जणांना मी त्या वर्षात मंचरला नेलं. दादा प्रत्येक फेरीला सोबत आले. आता त्यांचं ब्लड प्रेशर वाढलंय, भाऊ रागावतो, पण गुरुवार आला की ते टोपी घालून तयार असतात. आमचा नंबर कुणी कुणाला दिला कोण जाणे. परवा मढकडच्या एका आजीबाईंचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज.

"तुमीच का त्या दातवाल्या बाई?"

हो म्हटलं. आधार कार्ड आणा, गोळ्या चालू असतील तर त्या आणा, आणि बराच वेळ बसावं लागतं तेव्हा घरून जेवून निघा.

पलीकडून खळखळून हसू आलं.

"आवो बाई," त्या म्हणाल्या, "जेवता याया पायजेल म्हनूनच तर येतीय."